संगणकीय नकाशासेवा व जुन्या नकाशांचें प्रामाण्य

आधुनिक नकाशावर बसवून संगणकाच्या पडद्यावर दाखविलेला जुना नकाशा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावा? हें ठरविण्यासाठीं तो सिद्ध कसा होतो, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

उदाहरणार्थ 'मॅपसर्व्हर' हें साधन घेऊं. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९९० नंतरच्या दशकांत तें निर्माण झालें. त्याचा कारभार 'मॅपफाइल' नांवाच्या साध्या मजकुराच्या टिपणावरून चालतो. तींत प्रत्येक थराचें नांव, मूळ सामग्रीचें ठिकाण, रंगरेषा व प्रक्षेपपद्धति नमूद असते. वाचकाचा संगणक अमुक प्रदेशाचें, अमुक थरांचें चित्र मागतो. सर्व्हर टिपणाबरहुकूम तें काढून पाठवितो. या मागणीची 'डब्ल्यूएमएस' ही ठराविक पद्धति २००० सालीं प्रसिद्ध झाली.

हातीं येतें तें चित्र होय, मूळ सामग्री नव्हे. आणि टिपणांतील चूक चित्रांत दिसत नाहीं. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनीं १८३० मध्यें ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेले आहेत. ते आधुनिक 'डब्ल्यूजीएस ८४' मानाचे समजून नोंदविल्यास गढी वा घाट जागेवरून सरकतो. रेषा मात्र तितक्याच रेखीव राहतात.

यास्तव आमची सूचना अशी कीं, स्थलनिश्चय करण्यापूर्वीं मूळ नकाशापत्र, मोजणीचें साल व आधारमान यांची नोंद पाहावी. सेवेच्या 'गेटकॅपॅबिलिटीज' या विचारणेच्या उत्तरांत ती देण्याची सोय आहे. नोंद नसेल, तर असा नकाशा शोधाची दिशा दाखवील. निर्णय मूळ पत्रावरूनच करावा.