मुलगा फौजेंत जातों म्हणतो तेव्हां

दहावीचा निकाल लागला कीं पुष्कळ शेतकरी घरांत एक प्रश्न उभा राहतो. पहांटे उठून सडकेवर धांवणारा मुलगा एके दिवशीं सांगतो कीं, आपणांस फौजेंत जावयाचें आहे. बाप गप्प बसतो, आई चुलीकडे तोंड फिरविते आणि आजा मात्र मिशींत हंसतो. या तिघांचीही बाजू विचारांत घेण्याजोगी आहे.

आमची सारी नोकरी तहसील कचेरींत गेली. भरतीचा मोसम आला कीं रहिवासाच्या व जातीच्या दाखल्यांसाठीं आमच्या मेजापुढें पोरांची रांग लागे. दाखला हातीं पडला कीं मुलाचा चेहरा खुले. पाठीमागें उभ्या असलेल्या बापाचा खुललेला आम्ही क्वचितच पाहिला.

आजा हंसतो तें उगीच नव्हे. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूस फौजेची नोकरी ही कित्येक घराण्यांची रीतच आहे. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत कामीं आले. त्या गांवास लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेंच म्हणतात. देशांतील पहिली सैनिक शाळा १९६१ सालीं साताऱ्यासच निघाली. जुन्या नियमानें शिपाई पंधरा-सतरा वर्षें चाकरी करून पस्तिशीच्या सुमारास घरीं येई, तो तहहयात पेन्शन घेऊन. त्या पेन्शनीवर विहिरी बांधल्या गेल्या, गहाण जमिनी सुटल्या, धाकटे भाऊ शिकले. आजाच्या डोळ्यांपुढें तीच फौज आहे. नातवाचा करार निराळा आहे, हें आधीं ध्यानांत घ्यावें.

१४ जून २०२२ रोजीं अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्या नियमांप्रमाणें शिपायाची भरती साडेसतराव्या वर्षापासून होते आणि ती चार वर्षांपुरती असते. मुदत संपल्यावर तुकडींतील फार तर शेंकडा २५ जणांस कायम करावयाचें, बाकीच्यांनीं घरचा रस्ता धरावयाचा. मध्येंच स्वतः होऊन सुटतां येत नाहीं. अपवादानें सुटका झालीच, तर सरकारनें घातलेला वांटा मिळत नाहीं. पगार पहिल्या वर्षीं दरमहा ३०,००० रुपये धरला आहे. त्यांतील शेंकडा ३० कापून ठेवितात व तितकीच रक्कम सरकार घालतें. हातीं पडतात २१,०००. पुढें २३,१००, मग २५,५५० व चौथ्या वर्षीं २८,०००. जुन्या संवयीप्रमाणें आम्ही बेरीज मांडून पाहिली. चार वर्षांत हातीं येणारे ११,७१,८००, कापलेले ५,०२,२००, सरकारचे तितकेच. म्हणजे व्याज सोडून १०,०४,४०० रुपये ‘सेवा निधि’ म्हणून एकरकमी मिळावयाचे. पेन्शन नाहीं, ग्रॅच्युइटी नाहीं, माजी सैनिकाचा दर्जाही नाहीं.

दहा लाख ही रक्कम लहान नव्हे. परंतु ती घेऊन मुलगा घरीं येतो तेव्हां त्याचें वय बावीसच्या आंतबाहेर असतें, आणि गांवांत ती रक्कम किती आली याची बातमी त्याच्या आधीं पोंचलेली असते. बहिणीचें लग्न, घराची स्लॅब, सोसायटीचें थकलेलें कर्ज आणि एखादी चारचाकी, एवढ्यांत दहा लाखांचा फडशा पडावयास कितीसे दिवस हवेत? मुलगा निघण्यापूर्वींच या रकमेविषयीं घरांत उघड बोलणें व्हावें, तें यासाठींच.

आईच्या भीतीविषयीं कचेरींतल्या माणसानें फार बोलूं नये. ४८ लाखांचा विमा आहे, कर्तव्यावर मरण आल्यास आणखी ४४ लाखांचें सानुग्रह साह्य आहे, कुटुंबास पेन्शन मात्र नाहीं. हे आंकडे तिच्यापुढें मांडावयाचे नसतात; बापानें ते वाचलेले असावेत.

आम्हांस विचाराल तर बापाची खरी काळजी बाविसाव्या वर्षाची असावी. शिक्षण दहावीशीं तुटलेलें, औताची संवय मोडलेली, आणि धाकट्या भावानें तोंवर शेत सांभाळून त्यावर आपला हक्क मनांत पक्का केलेला. सातबाऱ्यावर नांव आहे म्हणून बांधावर जागा मिळतेच असें नाहीं. वांटणीचे किती अर्ज यांतून निघतात तें आम्ही पाहिलें आहे. सबब मुलास एकच विचारावें: चौघांत एकाची निवड होईल, ती तुझी न झाली तर तूं काय करशील? निमलष्करी दलांत राखीव जागा आहेत, पोलीस भरती आहे, पुढचें शिक्षण आहे. त्याच्यापाशीं उत्तर असेल, तर तो फौजेंतच चालला आहे. उत्तर नसेल, तर तो फौजेंत चालला नसून शेतींतून पळतो आहे. आणि दोन-अडीच एकर कोरडवाहूंतून पळणाऱ्यास दोष तरी किती द्यावा?

अशा मुलास बारावीपर्यंत थांबवावें. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षा वर्षांतून दोनदां होते; साडेसोळा ते साडेएकोणीस हें तिचें वय, आणि भूदलासाठीं बारावीची कोणतीही शाखा चालते. तो रस्ता अधिकाऱ्याचा आहे. २०२२ पासून तेथें मुलीही दाखल होऊं लागल्या, तेव्हां ज्याच्या घरीं मुलगी धांवत असेल त्यानेंही हें वाचावें. कठीण खरी, परंतु शेतकऱ्याच्या पोरानें तिच्याकडे पाहूंच नये असें कोणी ठरविलें?

बाप ‘नाहीं’ म्हणूं शकतो काय? अठरा पुरीं होईपर्यंत अर्जावर पालकाची सही लागते, त्यापुढें लागत नाहीं. म्हणजे बापाचा अधिकार सहा महिन्यांचा. तेवढ्यासाठीं जन्माचा अबोला धरण्यापेक्षां ते सहा महिने बोलण्यांत घालविलेले बरे.

जागा लावून देतों म्हणणाऱ्या दलालास उंबरठ्याबाहेरच ठेवावें. संगणकावरची लेखी परीक्षा आधीं होते, मग १.६ किलोमीटरची धांव. कोणाच्या ओळखीनें पाय वेगानें पडत नाहींत. खाजगी अकॅडमीच्या फीसाठीं जमीन गहाण टाकूं नये. धांवण्याचा सराव डांबरावर न करितां मऊ जमिनीवर करावा. गुडघा गेला तर फौजही गेली आणि नांगरही.

सही करावयाचें ठरलेंच, तर आधीं दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड शेजारीं शेजारीं ठेवून मुलाचें नांव, बापाचें नांव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. एका वेलांटीपायीं भरतीच्या मैदानावरून परत आलेलीं मुलें आम्ही पाहिलीं आहेत. दुरुस्तीस महिना-दोन महिने सहज लागतात, म्हणून हें काम निकालाच्या दुसऱ्याच दिवशीं हातीं घ्यावें. अविवाहित असल्याचा दाखलाही लागतो. तो सरपंचाकडून फोटोसह घ्यावा.