छोट्या शाळेचं ऑफिस केवढं असावं?

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत आयटीवाले आहेत, त्यामुळे ‘कुबरनेटिस’ हा शब्द आपल्या कानावरून गेलेला असतो. शब्द ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. मराठीत एम.ए. केलेल्या मला तो लगेच ओळखीचा वाटला, कारण आपला ‘कर्णधार’ म्हणजे तेच! कर्ण म्हणजे सुकाणू. क्रिकेटचा संघ त्याच्या हाती फार नंतर आला. गूगलने 2014 साली ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. कंटेनरमध्ये बांधलेले प्रोग्रॅम अनेक संगणकांवर वाटून द्यायचे आणि एखादा बंद पडला तर पुन्हा उभा करायचा, हे तिचं काम.

आमच्या नजमाच्या घरात हा विषय शिरला तो नोकरीमुळे. नवऱ्याचा करार मार्चमध्ये संपतो. पुढचं काम मिळालं तर इथलं वास्तव्य आणि मुलीची शाळा दोन्ही टिकेल. म्हणून तो ‘सर्टिफाइड कुबरनेटिस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ ही परीक्षा देतोय. दोन तासांत प्रत्यक्ष काम करून दाखवायचं, उत्तीर्ण व्हायला 66 टक्के. सरावासाठी सूक हराजमधून आणलेल्या टेबलावर तीन जुने छोटे संगणक मांडलेत. पहिलाच प्रश्न: यातलं ‘कंट्रोल प्लेन’साठी किती राखायचं?

मी शिक्षिका होते, त्यामुळे मला त्यात शाळेचं ऑफिस दिसलं. एपीआय सर्व्हर ही ऑफिसची खिडकी. प्रत्येक अर्ज तिथूनच. एट्सीडी हे जनरल रजिस्टर. त्यात नोंद नाही ते शाळेत नाही. शेड्यूलर म्हणजे वेळापत्रक लावणारे सर. कंट्रोलर मॅनेजर म्हणजे पर्यवेक्षक. शिक्षक गैरहजर असला की त्या तासाला दुसरा पाठवायचा. ऑफिसला कुलूप लागलं तरी चालू तास चालूच राहतात. पण कुणी आजारी पडलं तर बदली शिक्षक येत नाही. कंट्रोल प्लेन बंद पडल्यावर नेमकं हेच होतं.

आता मापाचं. कुबरनेटिस एका वेळी 5,000 संगणकांपर्यंत सांभाळू शकतं, पण आपल्याला तीन वर्गांच्या शाळेचं बघायचं आहे. क्यूबॅडम या साधनाने उभारणी करायची तर कंट्रोल प्लेनच्या संगणकाला किमान 2 सीपीयू आणि 2 जीबी मेमरी लागते. हे पाय ठेवण्यापुरतं. देखरेखीची साधनं जोडली की 4 जीबी बरी. ऑफिसचा आकार नुसत्या वर्गखोल्यांवर ठरत नाही, खिडकीशी किती अर्ज येतात त्यावरही ठरतो. तीनच संगणक असले तरी दर मिनिटाला नवे प्रोग्रॅम चढत-उतरत असतील तर खिडकीशी गर्दी होणारच.

मेमरी सगळे मोजतात, डिस्क विसरतात. रजिस्टरमधली नोंद डिस्कवर पक्की लिहिली गेल्याशिवाय एट्सीडी पुढे जात नाही. त्याचे सदस्य एरवी 100 मिलिसेकंदांनी एकमेकांना ‘मी आहे’ असं कळवतात. एक सेकंद प्रमुखाची खबर आली नाही की नवी निवडणूक. आमच्या टेबलावर जुन्या हार्ड डिस्कमुळे हेच सारखं होत होतं, आणि मेमरी मात्र अर्धी रिकामी! एसएसडी बसवली आणि निवडणुका थांबल्या.

रजिस्टर किती जणांनी लिहावं? एकाने किंवा तिघांनी, दोघांनी नको. निर्णय बहुमताने होतो. दोघांचं बहुमत दोनच, म्हणजे एक पडला की काम ठप्प. तिघांत एक पडला तरी चालतं. चौघांतही एकच पडलेला चालतो, म्हणजे चौथ्याचा खर्च वाया. एकच ठेवायचा तर रजिस्टरची नक्कल रोज दुसरीकडे ठेवायची.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक वर्गही घेतात आणि कागदही सांभाळतात. छोट्या क्लस्टरमध्ये तसं चालतं. के-थ्री-एस या हलक्या आवृत्तीत तर सुरुवातीपासून तीच सोय आहे. अट एवढीच, की प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीची मर्यादा घालून द्यायची. नाहीतर वर्ग सगळा वेळ खातो आणि रजिस्टर कोरं राहतं.

हे नकोच असेल तर ऑफिस दुसऱ्याला चालवायला देता येतं. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत नेहमीचा दर तासाला 10 सेंट, म्हणजे महिन्याला सुमारे 72 डॉलर, साधारण 260 रियाल. कामाचे संगणक वेगळे. छोट्या कंपनीला हे पैसे जड वाटतात. पण रात्री-अपरात्री उठणाऱ्या माणसाची झोप त्या हिशेबात कुणी धरत नाही. ती धरा. मग ऑफिस केवढं हवं आणि कुणी चालवायचं, याचं उत्तर घरबसल्या निघतं.