चंद्रावरील दिवस आणि रात्र

कोजागरीच्या रात्रीं आटीव दुधांत चंद्रबिंब पाहणाऱ्या आमच्या वाचकांस चंद्र म्हणजे मूर्तिमंत शीतलता वाटावी, हें स्वाभाविकच आहे. परंतु ज्यास आपण हिमांशु म्हणून गौरवितों, त्याच्या मध्यप्रदेशांतील जमीन भरदुपारीं सुमारें १२० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते. म्हणजे चुलीवरील आधणाहूनहि अधिक! आणि पौर्णिमेस आपल्यासमोरील बिंबाच्या मध्यभागीं नेमकी हीच दुपार चाललेली असते.

चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, पृथ्वीच्या चतुर्थांशाहून किंचित् अधिक. एवढ्याशा गोलास वायूचें आवरण धरून ठेवितां आलें नाहीं. म्हणून तेथें आकाश दिवसांहि काळें, आणि ऊन व सावली यांमध्यें मधली स्थिति नाहीं. त्यांत तेथील अहोरात्र साडेएकोणतीस दिवसांचें. आमच्या ज्योतिषग्रंथांत पितरांचें अहोरात्र एका चांद्रमासाचें मानिलें आहे, गणित तेंच. सूर्य मावळला कीं तीच तापलेली जमीन निवत निवत शून्याखालीं १७० अंशांच्या आसपास जाते.

ही जमीन तरी कशी? अब्जावधि वर्षें उल्का आदळून खडकांचें झालेलें पीठच तें. उष्णता आंत जाऊं न देण्याचा त्याचा गुण विलक्षण आहे. ता. २३ ऑगस्ट १९२३ रोजीं नव्हे, तर शंभर वर्षांनंतर त्याच तारखेस, २०२३ सालीं, भारताचें 'विक्रम' यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरलें. त्यांतील उपकरणास पृष्ठभागीं पन्नास अंशांहून अधिक उष्णता आढळली. आणि अवघ्या आठ सेंटीमीटर खालीं, म्हणजे चार-पांच बोटांवर, शून्याखालीं सुमारें दहा अंश!

यान उतरलें तें तेथील सकाळीं. सप्टेंबरच्या आरंभीं, रात्र पडण्यापूर्वीं, शास्त्रज्ञांनीं त्यास निजविलें. मूळ योजना एकाच चांद्रदिवसाची होती, तरी ता. २२ सप्टेंबरच्या सुमारास, तेथें पुन्हां उजाडल्यावर, त्यास साद घालण्यांत आली. उत्तर आलें नाहीं. ऊब देणारें कांहींच साधन त्याजपाशीं नव्हतें. सोव्हिएत रशियानें १९७० सालीं चंद्रावर उतरविलेल्या 'लुनोखोद-१' या गाडींत मात्र पोलोनियम ह्या किरणोत्सर्गी धातूची शेगडी ठेविलेली होती. ती गाडी अशा अनेक रात्री काढून सुमारें दहा महिने कार्य करीत राहिली.