फॅबमधली उष्णता फुकट का घालवायची?

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनातून आचार्य प्रफुल्लचंद्र रोडने उत्तरेला राजाबाजारकडे निघालं की जगदीशचंद्र बोस यांनी 1917 मध्ये स्थापन केलेली बोस इन्स्टिट्यूट लागते. त्यांच्या गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरला 1904 मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. सेमीकंडक्टर उपकरणाच्या सुरुवातीच्या पेटंटपैकी ते एक.

आजच्या चिप कारखान्याला, म्हणजे फॅबला, मात्र इथली दमट हवा महागात पडेल. क्लीनरूमला साधारण 22 अंश तापमान आणि 45 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. बाहेरच्या हवेतलं बाष्प काढायचं तर ती 9-10 अंशांपर्यंत गार करावी लागते, आणि मग पुन्हा तापवावी लागते! त्यासाठी बॉयलर पेटवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. कारण शेजारीच चिलर यंत्रांमधून काढलेली उष्णता कूलिंग टॉवरवाटे आकाशात सोडत असतो. हीट रिकव्हरी चिलर तीच उष्णता 35-40 अंशांच्या पाण्यात पकडतो. त्यावर हवाही तापते आणि अतिशुद्ध पाणी बनवण्याआधीचं कच्चं पाणीही.

दुसरी युक्ती त्याहून साधी: 6 अंशांचं पाणी फक्त बाष्प काढायला, बाकी कामांना 12-14 अंशांचं. पाणी जितकं कमी गार करावं लागेल, तितकी चिलरची वीज वाचते.

तुमच्यापैकी कुणी एचव्हीएसीत काम करत असेल तर कमेंटमध्ये भर घाला.