फिरत्या घराचा मुक्काम

स्वयंपाकघर, शेज आणि शौचकूप एकाच सांगाड्यावर बसवून अमेरिकेच्या महामार्गांवर निघालेल्या प्रवाशाला रात्रीच्या निवाऱ्याची चिंता ती कसली, असे धर्मशाळेच्या दारात जागा आहे किंवा कसे हे विचारीत उभे राहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला वाटणे साहजिक आहे. परंतु आरव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फिरत्या घराची अडचण नेमकी उलटी असते. त्याला छप्पर असते, जमीन नसते. आणि ज्या जमिनीवर ते उभे करायचे ती कोणाच्या मालकीची, तेथे रात्र काढण्याची मुभा आहे काय, असल्यास किती दिवसांची, याचा निवाडा अंधार पडण्यापूर्वी व्हावा लागतो.

पैसे मोजण्याची तयारी असेल तर खासगी तळ आहेतच. माँटानातील बिलिंग्ज येथे यलोस्टोन नदीच्या काठी 1962 मध्ये सुरुवात झालेल्या केओए या प्रसिद्ध साखळीसारख्या तळांवर 30 किंवा 50 अँपिअरची वीज, नळाचे पाणी आणि मैला वाहून नेणारी जोडणी हाताशी मिळते. मात्र एकांताच्या शोधात निघालेल्याने शेजारच्या गाडीतील कांद्याच्या फोडणीचा वास घेत झोपावे, हा विनोद तेवढा सोसावा लागतो. राष्ट्रीय उद्यानांतील तळ रमणीय खरे, पण त्यांतील कित्येकांचे आरक्षण सहा महिने आधीच खुले होते, आणि गाडीच्या लांबीची मर्यादा तर पाहावीच लागते: ग्लेशियर उद्यानातील डोंगरमाथ्यावरच्या सुप्रसिद्ध रस्त्यावर 21 फुटांहून लांब वाहनाला प्रवेशच नाही.

खरी मौज आहे ती पश्चिमेकडील सरकारी जमिनीवर. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याच्या ताब्यात सुमारे 24.5 कोटी एकर जमीन, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक मुलूख आहे, आणि तिच्यावर बऱ्याच ठिकाणी 28 दिवसांच्या अवधीत 14 दिवसांपर्यंत विनाशुल्क राहता येते. तेथे वीज नाही, नळ नाही. त्यामुळे कागदोपत्री मुदत खात्याने घातलेली असली, तरी प्रत्यक्षात ती पाण्याची आणि मैल्याची टाकी ठरवते, व मैल्याची टाकी भरली की ती रिकामी करण्याच्या अधिकृत जागेपर्यंत गाडी हाकावीच लागते.

अशा जागी गाडी आत घालण्यापूर्वी खाली उतरून पायी फिरावे. जमीन भुसभुशीत नको आणि कललेलीही नको. कारण गॅसवर चालणाऱ्या शीतकपाटातील अमोनियाचे द्रावण गुरुत्वाकर्षणानेच खाली वाहत असल्याने गाडी फार कलली तर त्याचे अभिसरण खुंटते आणि यंत्र बिघडते. वाळवंटात वाळूची जी सपाट, मऊ पट्टी डोळ्यांना सर्वांत मोहक दिसते, ती बहुधा कोरड्या ओढ्याचे पात्र असते. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या डोंगरावरील पावसाचा लोंढा तेथून अकस्मात येऊ शकतो.

वॉलमार्टच्या वाहनतळावर एखादी रात्र काढण्याची प्रथा जुनी असली, तरी ती व्यवस्थापकाच्या मर्जीवर आणि गावच्या कायद्यावर अवलंबून असते. शिवाय खुर्च्या मांडून तेथे संसार थाटणे शोभत नाही. अनुभवी मंडळी दिवसाला 300 मैल किंवा दुपारचे तीन, यांपैकी जे आधी गाठले जाईल तेथे थांबतात, कारण तीनला नापसंत ठरलेली जागा सोडून पुढे जाता येते, आणि रात्री नऊला दिव्याच्या प्रकाशात तो ओढा रस्त्यासारखाच दिसतो.