जखमेची किंमत आणि जखमेचा उपचार

कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी सल्ला विचारावयास आला. एका लहान कारखान्यांत पॉवर प्रेसखालीं सांपडून त्याच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं होतीं, आणि त्यास तिसरें वर्ष लागलें होतें. दवाखान्यांत नेतांना ठेकेदाराच्या माणसानें त्यास बजाविलें होतें, "घरीं दारांत हात सांपडला असें सांग, खर्च आम्ही पाहूं." त्यानें तसेंच सांगितलें. दोन आठवडे खर्च पाहण्यांत आला; पुढें कोणी फिरकलें नाहीं. दवाखान्याच्या कागदावर मात्र अपघात घरचाच राहिला.

श्रोतेहो, कामावर जखमी झालेल्या माणसाच्या औषधोपचाराचा भार कोणीं उचलावा? ज्याच्या कामांत हात गेला त्यानें, असें उत्तर कोणीही देईल. पण हें सरळ उत्तर कायद्याच्या पुस्तकांत उतरावयास फार काळ जावा लागला.

आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. तत्पूर्वीं मालकाची चूक कोर्टांत शाबीत केल्यावांचून भरपाई मिळणें दुरापास्त असे. या कायद्यानें तें ओझें उतरविलें. अपघात कामामुळें व कामावर असतांना घडला, एवढें दाखविणें बहुधा पुरेसें झालें. शरीराच्या कोणत्या हानीनें कमाईची शक्ति किती घटते याचें एक कोष्टकच कायद्यास जोडलेलें होतें. पुढें सुधारलेल्या त्या कोष्टकाप्रमाणें अंगठा गेल्यास शेंकडा ३०, एका हाताचीं दोन बोटें गेल्यास २०, एक डोळा गेल्यास ४०, आणि दोन्ही हात गेल्यास १००.

पण या कोष्टकांत जखमेची किंमत होती, जखमेचा उपचार नव्हता. कायद्यांत डॉक्टर होता, नव्हता असें नाहीं. कामगारानें अपघाताची सूचना दिली म्हणजे तीन दिवसांच्या आंत मालकास डॉक्टराकडून त्याची विनामूल्य तपासणी करवितां येई, आणि ती नाकारणाऱ्याचा भरपाईचा हक्क तहकूब होई. म्हणजे हा डॉक्टर येई तो जखम मोजावयास. ती बरी करण्याचा प्रत्यक्ष खर्च मालकानें भरून द्यावा, हें कलम या कायद्यांत आलें तें २००९ सालच्या दुरुस्तीनें! मधल्या शहाऐंशी वर्षांत कितीकांनीं भरपाईची वाट पाहतां पाहतां घरांतील भांडीं मोडलीं असतील, याची गणती कोणीं ठेवली आहे?

दुसरी वाट निराळ्या विचारांतून निघाली. १९४३ सालीं सरकारनें औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आंखण्याचें काम प्राध्यापक बी. पी. आडारकर यांजकडे सोपविलें. त्या वेळीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखातें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतें. आडारकरांचा अहवाल १९४४ सालीं आला, १९४८ सालीं कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली. हीच राज्य कामगार विमा योजना. लोक तिला ईएसआय म्हणतात.

हिचें तत्त्व असें कीं, संकट एकावर येतें, पण वर्गणी सर्वांनीं भरावयाची. जुलै २०१९ पासून वेतनाच्या शेंकडा सव्वातीन मालक भरतो व पाऊण कामगार. दरमहा १६,००० रुपये मिळविणाऱ्याचे स्वतःचे १२० रुपये जातात, मालकाचे ५२०. सामान्यतः दहा किंवा अधिक माणसें राबतात अशा कारखान्यांस व दुकानांस ती लागू होते; वेतनाची मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये आहे. कामावरील इजेसाठीं किती महिने वर्गणी भरली हें पाहिलें जात नाहीं. पहिल्या दिवशींचा अपघातही चालतो. उपचार योजनेच्या दवाखान्यांत होतो, आणि हात कामास लागेपर्यंत वेतनाच्या सुमारें शेंकडा नव्वद रक्कम मिळते. कायमचें व्यंग राहिल्यास त्याच्या प्रमाणांत आजन्म मासिक रक्कम मिळते. वरील १६,००० रुपयांच्या कामगाराचीं दोन बोटें गेलीं तर ती दरमहा २,८८० रुपयांच्या आसपास येईल. माझ्या विद्यार्थ्यानें दवाखान्याच्या दारांत उच्चारलेल्या एका वाक्याची किंमत यावरून ताडावी.

जो या विम्यांत येत नाहीं त्याच्यासाठीं भरपाईची पहिली वाट आहे. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेंत या दोन्ही वाटा एकत्र आणल्या असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाहीं. मालकानें वर्गणी चुकविली असली तरी विमा महामंडळास कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करतां येते. अपघाताची नोंद त्याच दिवशीं कारखान्याच्या वहींत व्हावी, आणि दवाखान्याच्या कागदावर अपघाताचें स्थळ, वेळ व यंत्र खरें लिहिलें जावें. भरपाईचा दावा सामान्यतः दोन वर्षांच्या आंत करावा लागतो. उशिरास सबळ कारण असेल तर तो माफ होऊं शकतो.

माझ्या विद्यार्थ्याचा अर्ज मींच लिहून दिला. पण साक्ष देऊं शकणारे सोबती पांगले होते, आणि दवाखान्याचा कागद त्याच्याच विरुद्ध बोलत होता. अर्ज फेटाळला गेला. म्हणून सांगतों कीं, आपल्या ओळखीचा, शेजारचा, आपल्याच घराला रंग देणारा कोणी जखमी झाला, तर पैसे देऊन मोकळे होऊं नये. त्याच्याबरोबर दवाखान्यांत जावें, आणि डॉक्टर लिहूं लागले म्हणजे त्यास खरें सांगण्याचा धीर द्यावा.