बोलविता धनी कोण? समाजमाध्यमांवरील संवाद आणि कंपन्यांचा प्रभाव

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• उक्तीचा उच्चारक, रचनाकार आणि धनी यांतील भेद स्पष्ट करता येईल;
• कंपन्या समाजमाध्यमांवरील संवादाला भाषेच्या द्वारे कसे वळण देतात, हे एका घटनेच्या आधारे सांगता येईल;
• आपल्याकडे आलेल्या संदेशाचे भाषिक परीक्षण करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मृग नक्षत्र जवळ आले, की बुलढाणा जिल्ह्यातील गावोगावी सोयाबीन आणि कपाशीच्या वाणांची चर्चा सुरू होते. आता ती पारावर होते तशीच मोबाइलवरही होते. समजा, आपल्या व्हॉट्सॲप समूहावर एक संदेश आला : 'मागच्या वर्षी हेच वाण पेरले. उतारा उत्तम मिळाला. यंदा सर्वांनी हेच घ्यावे.' संदेश पाठविणारा आपल्या ओळखीचा आहे. परंतु वाण पेरले कोणी? पाठविणाऱ्याने, की आणखी कोणी? 'पेरले' हे क्रियापद 'वाण' या कर्माप्रमाणे चालते. त्यामुळे कर्ता गाळला तरी वाक्य अपुरे वाटत नाही. मराठी व्याकरणाची ही सोय येथे बोलणाऱ्याला लपण्यासाठी आडोसा देते.

याउलट, आपल्याच जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी आठवा. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जमलेल्या लोकांसमोर पीक-पावसाचे भाकीत सांगतात. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही. परंतु ते कोण सांगतो, कोणासमोर सांगतो आणि कोणत्या परंपरेने सांगतो, हे सर्वांना ठाऊक असते. भाकीत चुकले, तर विचारायचे कोणाला हेही ठाऊक असते. वरील संदेशात नेमकी हीच माहिती नाही. प्रस्तुत घटकाचा विषय ही उणीव आहे.

२. उक्तीच्या तीन भूमिका

समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फूटिंग' या निबंधात 'वक्ता' ही संकल्पना उलगडून दाखविली. पुढे १९८१ मध्ये 'फॉर्म्स ऑफ टॉक' या ग्रंथात हा निबंध समाविष्ट झाला. त्यांच्या मते, आपण ज्याला सरसकट वक्ता म्हणतो, त्यात तीन भूमिका असतात. शब्द प्रत्यक्ष उच्चारतो तो उच्चारक. शब्द निवडतो आणि रचतो तो रचनाकार. ज्याची भूमिका किंवा हित त्या शब्दांतून मांडले जाते, तो त्या शब्दांचा धनी.

ग्रामसभेत ग्रामसेवक शासनाचे परिपत्रक वाचून दाखवितो. येथे उच्चारक ग्रामसेवक, रचनाकार मंत्रालयातील अधिकारी आणि धनी शासन. भूमिका तीन, व्यक्ती वेगवेगळ्या. तरीही कोणाची फसगत होत नाही, कारण ही विभागणी उघड असते. ती झाकली जाते, तेव्हा प्रश्न निर्माण होतो. मराठीने यासाठी 'बोलविता धनी' हा नेमका शब्दप्रयोग दिला आहे. संतपरंपरेत हा धनी म्हणजे परमेश्वर. त्याचा उल्लेख नम्रतेने आणि उघडपणे होई. आजच्या व्यवहारात मात्र 'त्याचा बोलविता धनी वेगळा आहे' असे आपण संशयाने म्हणतो. अर्थाचा हा पालट लक्षात ठेवा.

३. एक घटना : 'फ्री बेसिक्स'

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने भारतात एक सेवा सुरू केली. आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्र होता आणि सेवेच्या भाषांत मराठी होती. निवडक संकेतस्थळे ग्राहकाला डेटाचे शुल्क न भरता पाहता येत. उर्वरित इंटरनेटसाठी पैसे मोजावे लागत. सेवेचे मूळ नाव 'इंटरनेट डॉट ऑर्ग' होते. सप्टेंबर २०१५ मध्ये ते बदलून 'फ्री बेसिक्स' करण्यात आले.

टीकाकारांचा आक्षेप असा होता, की जोडणी पुरविणाऱ्याने सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी. कोणते फुकट आणि कोणते विकत, हे एखाद्या कंपनीने ठरवू नये. या तत्त्वाला 'नेट न्यूट्रॅलिटी', म्हणजे इंटरनेटची तटस्थता, म्हणतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ९ डिसेंबर २०१५ रोजी डेटाच्या भेदभावी दरांविषयी सल्लामसलतपत्र काढून जनतेची मते मागविली. त्यानंतर वृत्तपत्रांत फेसबुकच्या पानभर जाहिराती झळकल्या. फेसबुक उघडणाऱ्या भारतीयांना सूचना दिसू लागली : एक कळ दाबा आणि ट्रायला पाठिंब्याचे पत्र पाठवा. पत्र आधीच लिहिलेले होते.

४. शब्दांची निवड

या मोहिमेतील तीन भाषिक योजना अभ्यासण्याजोग्या आहेत.

पहिली योजना नामकरणाची. इंग्रजीतील 'फ्री' या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात : मोफत आणि मुक्त. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत. आपण मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी आहात. तेथील शिक्षण मोफत आहे, असा त्याचा अर्थ आपण करीत नाही. 'फ्री बेसिक्स' मोफत होते. पण ग्राहकाला हवे ते संकेतस्थळ निवडण्याची मोकळीक तेथे नसल्याने ते मुक्त नव्हते. इंग्रजी नाव हा भेद पुसून टाकते. मराठीत भाषांतर करू लागताच तो पुन्हा उभा राहतो.

दुसरी योजना मूल्यवाचक शब्दाची. पत्रात 'डिजिटल इक्वॅलिटी', म्हणजे डिजिटल समता, हा शब्दप्रयोग होता. महाराष्ट्रात 'समता' या शब्दामागे फुले-आंबेडकरांच्या चळवळींचा इतिहास आहे. असा शब्द एका बाजूने उचलला, की विरोध करणारा आपोआप समतेचा विरोधक ठरतो. मूळ वाद दरआकारणीचा होता. तो भल्या-बुऱ्याचा झाला.

तिसरी योजना कथनाची. २८ डिसेंबर २०१५ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त मार्क झुकरबर्ग यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याची हकिकत होती : तो या सेवेतून हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो आणि आता नव्या पिकांत पैसा गुंतवितो. ही हकिकत खोटी मानण्याचे कारण नाही. ग्रामीण भागात इंटरनेटची गरज खरी होती आणि डेटा तेव्हा महाग होता. परंतु त्या लेखात शेतकरी स्वतः बोलत नाही. त्याच्याविषयी बोलले जाते. तो तृतीय पुरुषात राहतो आणि वादातील पुरावा बनतो. सेवेबाहेरची माहिती त्याला हवी होती काय, हा प्रश्न त्याला विचारलेला दिसत नाही.

५. तयार मजकूर आणि संमती

ट्रायकडे सुमारे २४ लाख प्रतिसाद आले. त्यांतील बहुसंख्य फेसबुकच्या तयार पत्राच्या स्वरूपाचे होते. ट्रायने चार प्रश्न विचारले होते. या पत्रांत त्यांची उत्तरे नव्हती, केवळ पाठिंबा होता. जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने फेसबुकला लिहिलेल्या पत्रात या प्रकारावर कडक शब्दांत नापसंती नोंदविली. गंभीर सल्लामसलतीचे रूपांतर घडवून आणलेल्या बहुमतचाचणीत होत आहे, असा त्या आक्षेपाचा आशय होता.

गॉफमन यांची परिभाषा येथे उपयोगी पडते. लाखो नागरिक उच्चारक होते. रचनाकार कंपनी होती. मग धनी कोण? कळ दाबणाऱ्याला वाटले, 'मी माझे मत दिले.' त्याने आपले नाव दिले, हे निश्चित. मत मात्र त्याला तयार मिळाले होते.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. त्याच वर्षी, मार्चमधील आधीच्या सल्लामसलतपत्रानंतर, इंटरनेटच्या तटस्थतेच्या समर्थकांनीही तयार मसुदा उपलब्ध करून दिला होता आणि १० लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेले होते. मग फरक काय? दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. त्या मसुद्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती आणि ती बदलण्याची मुभा होती. दुसरे असे, की त्या कार्यकर्त्यांच्या मालकीची चावडी नव्हती. फेसबुक मात्र वादातील पक्षकारही होते आणि ज्या चावडीवर वाद चालला, तिचे मालकही होते. तरीही तयार मसुद्याचा धोका दोन्हीकडे संभवतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने आशयानुसार वेगवेगळे डेटादर आकारण्यास मनाई केली. त्याच आठवड्यात फेसबुकने ही सेवा भारतातून मागे घेतली.

६. आजचे स्वरूप

पानभर जाहिरात निदान जाहिरात म्हणून ओळखू येत होती. आज तोच प्रभाव मैत्रीच्या भाषेतून येतो : 'मी स्वतः वापरते, तुम्हीही वापरून बघा.' प्रथमपुरुषी एकवचन, बोलीतील लकब, घरगुती संबोधने ही सारी विश्वासाची चिन्हे होत. पैसे मोजून ती वापरता येतात. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने तो संबंध स्पष्टपणे आणि ज्या भाषेत शिफारस आहे त्याच भाषेत जाहीर करावा, असे त्यात सांगितले आहे. भाषेची ही अट महत्त्वाची आहे. वऱ्हाडी बोलीतील चित्रफितीच्या शेवटी बारीक इंग्रजी अक्षरांत दिलेली कबुली अनेकांच्या लेखी नसल्यासारखीच असते.

आरंभीच्या बियाण्याच्या संदेशाकडे आता पुन्हा पाहा. पाठविणारा लबाड असेलच असे नाही. बहुधा तोही केवळ उच्चारक असतो. त्याला एवढेच विचारावे : 'भाऊ, हे वाण तुम्ही स्वतः पेरले होते काय? हा मजकूर तुम्हांला कोठून आला?' या दोन प्रश्नांनी गाळलेला कर्ता वाक्यात परत येतो. चुकीच्या वाणाची किंमत संदेशाच्या रचनाकाराला मोजावी लागत नाही. ती पेरणाऱ्याला मोजावी लागते.

सारांश

प्रत्येक उक्तीमागे उच्चारक, रचनाकार आणि धनी अशा तीन भूमिका असतात. नामकरण, मूल्यवाचक शब्द, कथन आणि तयार मजकूर यांच्या द्वारे कंपन्या संवादाला वळण देतात. असे वळण देणे नेहमीच अवैध नसते. मात्र धनी झाकलेला असेल, तर वाचकाची संमती खरी राहत नाही. कर्ता शोधणे हे व्याकरणाचे कार्य आहे, तसेच नागरिकाचेही आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'मोफत' आणि 'मुक्त' या शब्दांतील अर्थभेद 'फ्री बेसिक्स'च्या संदर्भात स्पष्ट करा.
२. ग्रामसभेतील परिपत्रकवाचन आणि तयार पत्र पाठविणे यांतील भूमिकांची तुलना करा.
३. आपल्या मोबाइलवर आलेला, वस्तूची शिफारस करणारा एक मराठी संदेश निवडा. त्यातील क्रियापदांचे कर्ते शोधा आणि बोलविता धनी कोण असावा, याविषयी १५० शब्दांत लिहा.